माळ ते खिडकी, मार्गे आमची कॉलनी

आमच्या कॉलनीतल्या कंडक्टरबाईंना बसलेलं पाहिलं आहे, असा दावा करणारा माणूस अजून पुढे आलेला नाही. मी वर्तमानपत्रात नोकरी केलेला माणूस आहे. ऐकीव गोष्ट दुसऱ्या तोंडून ताडून पाहिल्याशिवाय लिहायची नाही ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही, म्हणून हे विधान करण्यापूर्वी मी गल्लीत रीतसर चौकशी केली. बारशाला त्या उभ्याने घुगऱ्या खातात. वाढदिवसाला केकची बशी हातात घेऊन जिन्याच्या कठड्याला टेकतात. कॉलनीच्या बैठकीत पुढच्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी ठेवलेली असते आणि त्या मागे, दाराची चौकट एका हाताने धरून, पाय जरा फाकवून उभ्या असतात. जणू सभागृह कुठल्याही क्षणी ब्रेक मारणार आहे. एसटीत त्या वाहक होत्या. कंडक्टरसाठी गाडीत एक जागा राखीव असते, पण त्यांच्या जागेवर कायम कोणीतरी लेकुरवाळी नाहीतर म्हातारी बसलेली. त्यामुळे उभं राहण्याची जी सवय लागली, ती पेन्शन सुरू झाल्यावरही सुटली नाही. "बसा की बाई," असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं आहे. "नको. बसलं की गाडी लेट हुती."

ही गाडी कोणती, हे समजायला कॉलनीचा भूगोल सांगायला हवा. नगरजवळचं भिंगार ओलांडून पुढे आलं की आमची कॉलनी लागते. तिचं एक टोक हमरस्त्याला टेकलेलं आहे आणि दुसरं उघड्या माळाला. माळावर तरवड, रुई, बोरी, हिवर, ओढ्याच्या कडेला निर्गुडी. म्हणजे नर्सरीवाले ज्यांना झाड म्हणायलाही तयार नसतात ते सगळं. आणि या दोन टोकांच्या मध्ये आमची घरं. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशी, ओट्यापासून दारापर्यंत फरशी आणि दारावर प्लॅस्टिकच्या फुलांचं तोरण. निवृत्त झाल्यावर बाई माळाकडच्या शेवटच्या घरात राहायला आल्या. काही दिवस त्यांनी गल्लीतून नुसत्या येरझाऱ्या घातल्या आणि एका सकाळी माझ्या फाटकाशी थांबून निष्कर्ष जाहीर केला. माळावरून निघालेली मधमाशी हमरस्त्याच्या टोकाला पोचूच शकत नाही. "मधी एक बी थांबा न्हाई," त्या म्हणाल्या. "त्या बारक्या जीवानं उतरायचं कुठं? आपन नगरहून पुन्याला जाताना च्याला उतरतो का न्हाई? तिला नको व्हय च्या?"

तेव्हापासून त्या कॉलनीत मार्ग आखत आहेत. पाच-सहा घरं सोडून एक वाफा, त्यात माळावरचीच झाडं, आणि एका वाफ्यातून निघालेल्या माशीला पुढचा वाफा उडण्याच्या टप्प्यात मिळाला पाहिजे, एवढी साधी योजना. पण बाईंना ती एसटीच्या भाषेतच मांडता येते. ज्यांच्या अंगणात वर्षभर काहीतरी फुलतं ते मोठे थांबे. कोपऱ्यात एखादी तुळस, एखादा अडुळसा असलेले लहान थांबे. मी पाणी घालायला विसरतो म्हणून माझं घर 'विनंती थांबा' आहे. माशीची मर्जी असेल तर ती उतरेल, नाहीतर पुढे जाईल. वाळलेल्या शेवग्याचे आणि पांगाऱ्याचे ओंडके त्यांनी जिथे रचून ठेवले आहेत तो डेपो, कारण भुंगे अशा लाकडात भोकं पाडून मुक्काम करतात. या डेपोची गरज का पडली, तर त्याआधी भुंग्यांनी आमच्या शेजारच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांच्या सागवानी झोपाळ्यात मुक्काम केला होता. साहेब झोपाळ्याची फळी उचलून बाईंच्या दारात आले. बाईंनी फळीवरची भोकं बघितली आणि म्हणाल्या, "साहेब, रिझर्वेशन न करता बसल्याती. आमी दुसरी सोय करतो."

सुरुवातीला त्यांच्या हातून चूकही झाली आणि ती त्या स्वतःच रंगवून सांगतात. पहिल्या वर्षी त्यांनी नर्सरीतून टेम्पोभर रोपं आणली. भरगच्च फुलं, पाकळ्यांवर पाकळ्या, लांबून दिसावीत असे रंग. गल्ली खूश झाली, लोकांनी फुलांसोबत मोबाईलवर फोटो काढले. बाई मात्र रोज सकाळी वाफ्याशेजारी उभ्या राहून वाट पाहत होत्या. एक माशी यायची, फुलाभोवती दोन फेऱ्या मारायची आणि निघून जायची. शेवटी बाईंनी एक फूल तोडून उलगडलं. आत नुसत्या पाकळ्या. ना पराग, ना मध, ना आत शिरायला वाट. "गाडी रंगवून उभी केल्याली," त्या म्हणाल्या, "आन दरवाजाच न्हाई." दुसऱ्या दिवसापासून त्या पिशवी घेऊन माळावर जाऊ लागल्या. तरवडाच्या शेंगा, कोरांटीचं बी, रुईच्या कापसासकट उडणाऱ्या बिया. लोकांनी नाकं मुरडली. "बाई, हे रान आहे," सुभेदारसाहेब म्हणाले. "व्हय," बाई म्हणाल्या, "आन तुमाला तरी भरतीला कुठून आनलं होतं?" साहेब हसले आणि त्यांनी कुंपणालगतची एक पट्टी दिली. आज तिथे तरवड सरळ रांगेत उभा आहे, प्रत्येक झाडाभोवती दगड आहेत आणि दगडांना चुना लावलेला आहे. फुलं तेवढी अजून आपापल्या मर्जीने येतात.

टँकरच्या दिवसांत लोकांना बाईंचं म्हणणं जास्त पटलं. गुलाब माना टाकत होते आणि तरवड पिवळाधमक फुलत होता. त्या वर्षी बरेच थांबे वाढले. घरोघरी जाऊन त्या वाफा तपासायच्या, फवारणीचा वास आला तर भर दुपारी बेल वाजवायच्या, आणि कोणी म्हटलं की "अहो, गुलाबावर मावा पडला होता," तर म्हणायच्या, "मंग पॅसेंजर मारायचा का?" जाताना भिंतीवर बोटाने दोनदा टकटक करायच्या. एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे निघा. दोरी तुटलेली असली की कंडक्टर तिकिटाच्या चिमट्याने दांडीवर वाजवतो, तशी ही टकटक होती. कॉलनीतली पोरंही आता निरोप घेताना दारावर दोनदा वाजवतात.

या सगळ्या खटाटोपाला एक शेवटचा थांबा होता आणि तो त्यांनी कधी लपवून ठेवला नाही. हमरस्त्याच्या टोकाला, मेडिकलच्या मागच्या घरात आबा राहतात. आबा म्हणजे बाईंचे ड्रायव्हर. कोणा शहाण्या अधिकाऱ्याने या दोघांची जोडी एकदा पारनेरकडच्या मुक्कामाच्या गाडीवर लावली आणि ती वर्षानुवर्षं मोडली नाही. संध्याकाळी गाडी गावात पोचायची आणि पहाटे परत निघायची. बाईंची भाकरी आणि आबांच्या घरचं कालवण एकाच डब्याच्या झाकणावर उघडायचं. आबा मराठा, बाई बौद्ध. पहिल्या मुक्कामाला पारावरच्या कोणीतरी भुवया उंचावल्या तेव्हा आबांनी झाकण उचलून त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "घ्या, तुमी बी घ्या, लई चांगली भाकरी करत्यात मास्तर." एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. बाईला मास्तर म्हणावं की नाही असा प्रश्न तेव्हा डेपोत बऱ्याच जणांना पडला होता. आबांना तो कधी पडला नाही.

त्या मुक्कामाच्या गावात गाडी जिथे उभी राहायची तिथे पाणंदीच्या कडेला रुईची मोठी जाळी होती. उजाडायला लागलं की तिथे काळे भुंगे यायचे. आबा इंजिन सुरू करून ठेवायचे, खाली उतरून रुईजवळ जायचे आणि कान द्यायचे. त्यांच्या मते गरम झालेलं डिझेल इंजिन आणि मधाने भरलेला भुंगा यांचा सूर एकच असतो, आणि तो जुळला की गाडी दिवसभर दगा देत नाही. पहिला भुंगा फुलावर बसून, पोटभर पिऊन उडाला की आबा म्हणायचे, "सुटला. चला, मास्तर." मग बाई डबल बेल द्यायच्या. भुंगा सुटला की गाडी सुटायची. थंडीत भुंगे उशिरा यायचे, गाडी उशिरा निघायची आणि नगरला कंट्रोलर विचारायचा, "लेट का?" बाई न चुकता सांगायच्या, "पंक्चर." त्या गाडीइतकी पंक्चर झालेली गाडी विभागात दुसरी नसावी, आणि तिच्या चाकांना हातही न लावता ती दुरुस्त व्हायची.

आबांना अर्धांगाचा झटका आला तो निवृत्तीनंतर. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मुलगा सुप्याच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो. सून घर आणि आबा दोन्ही सांभाळते. आबांची खाट तिने रस्त्याकडच्या खिडकीला लावली, कारण गाड्यांचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटेल असं तिला वाटलं. पण आबा कशाकडेच बघत नव्हते. "माणसं ओळखत नाहीत हो ते आता," सून सांगायची. हे आबांच्या कानावर पडू नये म्हणून ती दाराबाहेर येऊन सांगायची. बाई रोज सकाळी संपूर्ण गल्ली चालून त्या खिडकीशी जायच्या. आत जायच्या नाहीत, बसायच्या नाहीत. खिडकीचा गज धरून उभ्या राहायच्या, कुठला थांबा वाढला, कुठल्या थांब्यावर फवारणी झाली, हे सगळं सांगायच्या, मग गजावर दोनदा टकटक करून निघायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "मानसं वळखत न्हाईत म्हनं. नसतील. मानसाचा आवाज बदलतो, तोंड बदलतं. भुंगा हाय तसा हाय. भुंगा आला तर आबा वळखतील." मग त्यांनी पुढे सांगितलं, "आन भुंगा वळखला तर मंग मास्तर म्हनतील." हे वाक्य त्यांनी नेहमीच्या आवाजात उच्चारलं, पण त्यानंतर माझ्या वाफ्यात पाणी नाही याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

भुंगा तिथपर्यंत आणायचा तर रुई हवी, आणि रुई कोणी दारात लावू देत नव्हतं. चीक डोळ्यात जातो, ते रानटी झाड, घरासमोर बरं दिसत नाही. बाईंनी मग एक युक्ती काढली. रुई मारुतीला प्रिय. शनिवारी देवळाबाहेर तिच्या पानाफुलांचे हार विकायला असतात. स्वतःच्याच दारात असली तर? गल्लीत रोपांना एकदम मागणी आली. सुभेदारसाहेबांनी थट्टेने विचारलं, "बाई, तुमच्या घरात बुद्धमूर्ती आणि प्रचार मारुतीचा?" बाई म्हणाल्या, "मी कंडक्टर हाय. पॅसेंजर कुठल्या देवळाला चाललाय ते मी इचारत न्हाई. कुठं उतरनार, तेवढं इचारते." आबांच्या सुनेनेही मारुतीचं नाव ऐकून खिडकीखालच्या फरश्या उचलू दिल्या. तिथे रुई लागली, दोन पावसाळे काढले, खिडकीच्या गजापर्यंत आली आणि तिच्यावर फिकट जांभळ्या कळ्यांचे घोस धरले. मार्ग पुरा झाला होता. माळ ते खिडकी, मध्ये कुठे खंड नाही.

आणि मग शनिवार आला. त्या सकाळी बाई माळाकडून निघाल्या तेव्हा त्यांना आपली चूक दिसली. प्रत्येक फाटकाशी कोणीतरी आंघोळ करून, परडी घेऊन रुई खुडत होतं. सगळ्या मार्गावर एकही फूल शिल्लक नव्हतं. मारुतीचं नाव सांगून लावलेलं झाड मारुतीच्या वारी ओकंबोकं होणार, हे एवढ्या वर्षांच्या हिशेबी कंडक्टरला सुचलं नव्हतं. रुईच्या प्रत्येक झाडाची तीच गत, आणि पुन्हा घोस धरून उमलेपर्यंत पुढचा शनिवार यायचा. वाटेत त्यांनी मला फाटकातून बाहेर बोलावलं. "चला," म्हणाल्या, "सगळ्या मार्गावर चक्का जाम हाय. साक्षीला चला."

आबांच्या दारात सून उंबऱ्याशी बसून हार ओवत होती. परडीत खिडकीखालच्या रुईचे सगळे घोस होते, नुकतेच उमललेले. बाई पाहतच राहिल्या.

"अगं, काय केलंस हे? आजच तर उमलली होती!"

"मग उमललेलीच वाहतात ना मावशी? कळ्या वाहू का?"

"दोन वरसं झाली, मी या फुलांची वाट बघते."

"आणि मी कशाची बघते?" सुनेने सुई खाली ठेवली. "आबांना बोलता यावं म्हणून शनिवारचा नेम धरलाय मी. मला काय हौस आहे चिकात हात घालायची? हे बघा बोटं."

तिची बोटं खरंच सोलवटली होती. एका माणसाने बोलावं म्हणून एक बाई फुलं राखत होती आणि दुसरी खुडत होती. बाईंनी दाराची चौकट धरली. मग हळू आवाजात त्यांनी मुक्कामाचं गाव सांगितलं, पाणंद सांगितली, रुईची जाळी, इंजिनाचा सूर आणि सगळी पंक्चरं सांगितली. सून ओवायची थांबली होती. खोटी पंक्चरं ऐकताना ती पदराआड हसली आणि मग तिने तोच पदर डोळ्यांना लावला. "आबांनी आम्हाला कधी नाही सांगितलं हे," ती म्हणाली.

"ते कशाला सांगतील? रेकॉर्डला पंक्चर हाय."

सुनेने अर्धा ओवलेला हार परडीत ठेवला. मग ती म्हणाली, "पानांचा हार चालतो मारुतीला. आजी पानांचाच करायची. फुलं झाडावरच वाहिली असं समजते मी. त्याला काय, दिसतंच की तिथून." बाई म्हणाल्या, "वाऱ्याचंच पोर ते. पंखवाल्याचं त्याला वावडं नसनार." सुनेने त्याच संध्याकाळी हा नियम गल्लीतल्या बायकांना सांगितला. बाईंच्या तोंडून तो कोणी ऐकला नसता. सुनेच्या तोंडून सगळ्यांनी ऐकला, कारण नेम तिचा होता.

त्यानंतर शनिवारी पानं खुडली जाऊ लागली आणि फुलं झाडावर राहू लागली. भुंगे आधी सुभेदारसाहेबांच्या कुंपणापर्यंत आले. मग माझ्या विनंती थांब्यावर एक उतरला. मी त्या आठवड्यात पाणी घातलं होतं. मग मेडिकलच्या कोपऱ्यापर्यंत. खिडकीपर्यंत मात्र येत नव्हते. बाई रोज जायच्या, गज धरून उभ्या राहायच्या, टकटक करून परत यायच्या. परतताना त्यांची चाल जरा मंद असायची, एवढंच मी नोंदवू शकतो.

एका सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन त्या बाजूने येत होतो. बाई खिडकीशी उभ्या होत्या. आबा खाटेवर उशीला टेकलेले, डावा हात गजांजवळ. सून आतल्या दाराशी कणीक मळत होती. तेवढ्यात रस्त्याच्या अंगाने तो आला. मोठा, काळा, उन्हात पंखांवर निळी झाक. रुईच्या घोसाला लोंबकळला तसा घोस खाली वाकला आणि त्याचा सूर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, या फुलावरून त्या फुलावर. आबांचे डोळे कुठे होते ते मला माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. भुंगा पोटभर प्यायला, घोस सोडला आणि छपरावरून पलीकडे गेला.

"सुटला," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांचं नव्हतं. ज्याचं होतं त्याच्याकडे त्या पाहत राहिल्या. पलीकडून 'मास्तर' आलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "चला आबा, निघते," आणि टकटक करायला त्यांनी हात उचलला.

त्यांचं बोट गजाला लागण्याआधी आतून आवाज आला. आबांच्या डाव्या हातातली अंगठी गजावर वाजली होती. एकदा. हात तिथेच राहिला, दुसऱ्यांदा वाजला नाही.

हात नुसता घसरला असेल, असं म्हणता येतं. सुनेला तसंच वाटलं. ती हात पुसत पुढे आली आणि आबांचा हात उचलायला गेली, पण बाईंकडे पाहून थांबली. ही गोष्ट मी दुसऱ्या तोंडून ताडून पाहिलेली नाही, कारण दुसरं तोंड बोलत नाही. पाहिलं ते लिहितो. आयुष्यभर बेल बाईंनी द्यायची आणि आबांनी ऐकायची; एकीला थांबायचं, दोनला निघायचं. बाई उचललेला हात तसाच धरून उभ्या होत्या. मग त्यांनी तो खाली घेतला, साडीचा घोळ गोळा केला, आणि खिडकीखाली रुईच्या शेजारी ज्या फरश्या उचलून रचून ठेवल्या होत्या त्यांच्यावर त्या बसल्या. पाठ भिंतीला टेकून, पाय रस्त्याकडे सोडून, कुठेच जायचं नसलेल्या माणसासारख्या.

ऊन वर आलं. रुईवर दुसरा भुंगा आला, प्यायला आणि सुटला. डबल कोणीच दिली नाही.